पाण्याच्या कारभाऱ्याचे शिक्षण

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याने उत्तरेकडे निघाले की अर्ध्या तासाच्या आत सिलतरा लागते. धरसींवा तहसिलीतील हे गाव. धानाचे बांध, बांधांच्या कडेला बाभळी आणि गावाच्या अंगाशी एखादी 'तरिया', म्हणजे तलाव, असे या मुलखातील खेड्याचे जुने रूप. आज त्या रूपावर दुसरे एक रूप चढलेले आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून येथे लोखंड-पोलादाची औद्योगिक वसाहत वाढत गेली, आणि आता सिलतऱ्याचे नाव काढले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे धानाऐवजी धुराडी उभी राहतात. गावाच्या पश्चिमेकडून खारून नदी वाहते. बालोद जिल्ह्यातील पेटेचुआ येथे ती उगम पावते, रायपूर शहराच्या कडेने महादेव घाटावरून उत्तरेकडे येते, सिलतऱ्याच्या शिवारांना वळसा घालून पुढे सोमनाथपाशी शिवनाथ नदीला मिळते. शिवनाथ महानदीला मिळते, आणि महानदी ओडिशात हिराकूडच्या धरणात शिरते.

एवढ्याशा प्रवासात या नदीकडे किती जण ओंजळ पसरून उभे असतात ते पाहण्यासारखे आहे. वरच्या अंगाला शेतकरी आहे. मग रायपूरसारखे राजधानीचे शहर आहे. शहराचे सांडपाणी पोटात घेऊन नदी पुढे सरकते तो कारखाने उभे आहेत. त्यांच्या खाली पुन्हा शेतकरी, कोळी आणि काठावर धुणे धुणाऱ्या बाया आहेत. उन्हाळ्यात नदीचा स्वतःचा प्रवाह आटतो. तेव्हा शहराची तहान भागवण्यासाठी महानदीवरील गंगरेल धरणाचे पाणी कालव्यावाटे आणावे लागते. म्हणजे खारून ही नावापुरती एक नदी. व्यवहारात ती दोन खोऱ्यांचा, एका शहराचा, एका उद्योगनगरीचा आणि शेकडो गावांचा सामाईक हिशेब आहे. हा हिशेब ठेवणारा माणूस कोण, त्याला काय काय यावे लागते, आणि ते तो कोठे शिकतो, याविषयी आज मला थोडे सांगावयाचे आहे.

या विद्येला अलीकडे एक लांबलचक नाव मिळाले आहे: एकात्मिक जलसंपत्ती व्यवस्थापन. नाव ऐकूनच तहान लागावी! पण त्यातील कल्पना साधी आहे. नदीचे पाणी, विहिरीचे पाणी, पावसाचे पाणी आणि गटाराचे पाणी ही चार पाणी नव्हेत. एकच पाणी चार वेषांत फिरते. म्हणून त्याचा विचारही एकत्र व्हावयास हवा, आणि जे जे ते वापरतात त्या सर्वांनी मिळून तो करावयास हवा. १९९२ च्या जानेवारीत आयर्लंडमधील डब्लिन शहरी जगभरच्या तज्ज्ञांची परिषद भरली. गोडे पाणी मर्यादित आहे व ते सहज नासते; त्याची व्यवस्था वापरणाऱ्यांच्या सहभागाने व्हावी; त्या व्यवस्थेत स्त्रियांचे स्थान मध्यवर्ती आहे; आणि पाण्याला आर्थिक मोल आहे, अशी चार तत्त्वे तिने मांडली. चौथ्या तत्त्वावर पुष्कळ वाद झाले आणि ते व्हावयासच हवे होते. पण पहिली तीन तत्त्वे आपल्याकडील कोणत्याही जाणत्या म्हातारीला नवी वाटणार नाहीत.

तत्त्व मान्य करणे सोपे आणि त्याप्रमाणे एक उन्हाळा पार पाडणे अवघड. सिलतऱ्याचेच उदाहरण घेऊ. येथे मोठ्या प्रमाणावर स्पंज आयर्न तयार होते. लोहखनिज आणि कोळसा फिरत्या भट्टीत तापवतात, आणि तयार झालेला लालबुंद माल दुसऱ्या एका फिरत्या नळकांड्यातून नेऊन, त्याच्या बाहेरच्या अंगावर पाणी फवारून तो निववतात. भट्टीतून निघणाऱ्या उष्ण वायूंवर बाष्पक चालवून वीज करतात. त्या वाफेला थंड करण्यासाठी पुन्हा पाणी लागते. या पाण्यापैकी पुष्कळसे वाफ होऊन आकाशात जाते. शहराचे तसे नाही. शहर जेवढे पाणी घेते त्याचा मोठा भाग मलिन करून का होईना, नदीला परत देते. धानाचे शेत आणखी तिसऱ्या रीतीने वागते: काही पाणी पीक पिते, काही उन्हाने उडते, आणि उरलेले जमिनीत मुरून कोणाच्या तरी विहिरीत प्रगट होते. तेव्हा तिघांनी सारखेच पाणी घेतले तरी तिघांनी सारखेच पाणी संपवले असे होत नाही. 'घेतलेले पाणी' आणि 'संपवलेले पाणी' यांतील हा भेद ज्याच्या मनात पक्का बसला नाही त्याच्या हाती नदीची वही देऊ नये, असे माझे मत आहे.

वेळेचाही भेद आहे. कारखान्याला बारा महिने, अहोरात्र, एकसारखी धार हवी. शहराची मागणी वैशाखात शिगेला पोचते. आणि छत्तीसगढच्या धानाचे तर एक स्वतंत्र शास्त्रच आहे. या भागात 'बियासी' नावाची एक जुनी पद्धत आहे. मृगाच्या सुमारास धान फेकून पेरतात. महिनाभराने पीक वीतभर वाढले आणि बांधीत पाणी साचले म्हणजे उभ्या पिकातून हलका नांगर फिरवतात. परक्या माणसाला वाटावे, हा शेतकरी आपल्याच हाताने पीक मोडतो आहे! पण त्या नांगरटीने तण गाडले जाते, दाट रोपे विरळ होतात आणि राहिलेली रोपे जोमाने फुटतात. मात्र त्या दिवसांत शेतात पाणी उभे असले पाहिजे. पाऊस रुसला आणि कालव्याचे पाणी दोन आठवडे उशिरा आले, तर बियासीचा हंगाम टळतो. पुढे कितीही पाणी सोडले तरी झालेली तूट भरून येत नाही. त्यातही जमिनीचे प्रकार आहेत. काळी 'कन्हार' पाणी धरून ठेवते, पिवळसर 'मटासी' लवकर सोडते, 'डोरसा' या दोहोंच्या मधली, आणि उंचवट्यावरची मुरमाड 'भाठा' तर चाळणीसारखी. एकाच चारीवर या चारही जमिनी असू शकतात. पाणी सोडणाऱ्या अधिकाऱ्याला ही चार नावे ठाऊक नसतील तर त्याचे वेळापत्रक कागदावर कितीही सुबक असो, शेतात ते चुकणारच.

आता शिक्षणाकडे येऊ. रायपुरात १९५६ साली शासकीय महाविद्यालय निघाले ते खाणकाम व धातुशास्त्र यांचे. भूमीच्या पोटात लोखंड, दगडी कोळसा आणि चुनखडी असल्यावर ते योग्यच होते. तेच महाविद्यालय २००५ साली राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था झाले. १९८७ साली त्याच शहरात इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय स्थापन झाले. एका संस्थेतून बाहेर पडणारा तरुण भट्टीचे तापमान जाणतो. दुसरीतून निघणारा बियासीचा दिवस जाणतो. कालव्याचा अभियंता काँक्रीट आणि उतार जाणतो. तिघेही आपापल्या विद्येत निपुण. पण खारूनचे पाणी तिघांच्याही दारावरून जाते, आणि तिघांनी एका टेबलाशी बसून तिचा हिशेब मांडावा असा प्रसंग त्यांच्या शिक्षणात सहसा येत नाही. ही उणीव रायपूरची एकट्याची नाही. ती आपल्या देशातील स्थापत्यशिक्षणाच्या जन्मातच आहे.

गंगेच्या कालव्याचे काम चालू असताना १८४७ साली रुडकीला अभियांत्रिकीचे विद्यालय निघाले. १८५४ च्या जुलैत पुण्याला अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला; सार्वजनिक बांधकाम खात्याला इमारती, धरणे, कालवे, पूल यांच्या कामावर हाताखालचे अधिकारी हवे होते म्हणून. पुढे त्याचेच पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. दोन्ही ठिकाणी विद्यार्थ्याला बांधणारा करावयाचे होते, आणि त्यांनी ते काम उत्तम केले याची साक्ष आजही उभी आहे. पण कालवा बांधून झाल्यावर तो चालवायचा असतो. आणि चालवणे ही बांधण्याची शेपटी नव्हे, ती स्वतंत्र विद्या आहे, हे त्या अभ्यासक्रमांना सुचले नाही. ज्यांना सुचले त्यांना ते नोकरीत सुचले. पुण्यालाच शिकलेल्या विश्वेश्वरय्यांनी १८८४ साली मुंबई इलाख्याच्या नोकरीत प्रवेश केला, आणि त्यांचा आरंभीचा काळ खानदेशात गेला. पुढे नीरा कालव्यावर त्यांनी 'ब्लॉक' पद्धतीचा आराखडा मांडला: पाणी सर्व लाभक्षेत्रात विखरून न टाकता शेतांचे ठराविक गट करायचे, उसासारख्या तहानलेल्या पिकाला गटातील ठराविक हिस्साच द्यायचा, आणि बाकीच्या जमिनीत कमी पाण्याची पिके फिरती ठेवायची. अभियंत्याने पिकांच्या फेरपालटीचा विचार करावा ही त्या काळी धिटाईच होती.

गमतीची गोष्ट अशी की ज्या खानदेशात त्यांचा हा आरंभीचा काळ गेला, तेथील नदीकाठच्या कुणब्यांना ही विद्या कित्येक पिढ्या अवगत होती. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर दगडी बंधारे घालून चालवलेली 'फड' पद्धत आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकली असेल. एका बंधाऱ्याखालचे क्षेत्र साधारणतः चार फडांत वाटलेले. प्रत्येक फडात त्या वर्षी एकच पीक, एका फडात ऊस, बाकीच्यांत धान्यपिके. वर्षागणिक फड पालटायचे. बहुतेकांची थोडीथोडी जमीन प्रत्येक फडात असल्यामुळे टंचाई आली तर ती सर्वांना लागायची आणि सुबत्ता आली तर तीही सर्वांची. पाणी देण्याला पाटकरी, पीक राखण्याला जागल्या, दोघांवर देखरेखीला हवालदार, आणि सर्वांच्या डोक्यावर गावाची पंच मंडळी. शेतकऱ्याने स्वतःच्या हाताने पाणी फोडायचे नाही. पाटकरी देईल तेव्हा आणि देईल तेवढे घ्यायचे. हा पाटकरी कोणत्या शाळेत शिकला? बापाच्या मागे रात्री कंदील घेऊन चालत शिकला. कोणत्या सारंगाला किती वेळ लागतो, कोणाचा बांध गळका आहे, कोणाचे घर सध्या सुतकात आहे म्हणून त्याची पाळी कोणी बघायची, हे सर्व त्याच्या शिक्षणात येत होते. त्याला आकडे कमी येत होते हे खरे. पण पाणी, पीक आणि माणूस ही तिन्ही त्याला एकत्रच दिसत.

ही तीन तुटली की काय होते ते पाहण्यासाठी पुन्हा छत्तीसगढात यावे लागेल. धमतरीजवळ कंडेल नावाचे गाव आहे. महानदीचा कालवा त्याच्या शिवारातून गेला. पाटबंधारे खात्याने गावाशी दहा वर्षांचा पाण्याचा करार करावयाचे ठरवले. गावकऱ्यांनी हिशेब केला: दहा वर्षांत जेवढा पैसा भरायचा तेवढ्यात गावाला स्वतःचा मोठा तलाव खोदता येईल. त्यांनी करार नाकारला. १९२० च्या ऑगस्टमध्ये खात्याने गावावर कालव्याचे पाणी चोरल्याचा आरोप ठेवला आणि चार हजारांहून अधिक रुपयांचा सामुदायिक दंड बसवला. दंड वसूल होईना तेव्हा गावाची गुरे जप्त करून बाजारोबाजार लिलावाला नेली. त्यांना एकही गिऱ्हाईक मिळाले नाही. पंडित सुंदरलाल शर्मा, बाबू छोटेलाल श्रीवास्तव आणि आपल्या मराठी श्रोत्यांनी आवर्जून लक्षात ठेवावे असे नारायणराव मेघावाले, हे या सत्याग्रहाचे पुढारी. बिंबाजी भोसल्यांच्या अमदानीपासून या मुलखात मराठी घरे रुजली आहेत. त्यांतील माणसे स्थानिकांच्या पाण्यासाठी उभी राहिली, ही नोंद आपल्याकडे फारशी कोणी करत नाही. गांधीजी १९२० च्या डिसेंबरात रायपूर-धमतरीला आले, आणि ते पोचण्यापूर्वीच सरकारने दंड मागे घेतला.

या कथेतील अधिकारी दुष्ट होते असे मानण्याचे कारण नाही. कालव्यातून किती पाणी वाहिले हे ते मोजू शकत होते, आणि दंडाची रक्कम वाटून काढू शकत होते. गावाने तलावाचा हिशेब का केला हे मात्र त्यांनी विचारले नाही. विचारावयाचे असते हेच त्यांना कोणी शिकवले नव्हते. चोरी आणि वाटणी यांच्यामधली जागा कोणत्याही प्रवाहमापकावर दिसत नाही.

स्वातंत्र्यानंतर शिक्षणाचा हा एकांगीपणा हळूहळू जाणवू लागला. १९५५ साली रुडकीला जलसंपत्ती विकासाचे प्रशिक्षण केंद्र निघाले. तेथे आशिया-आफ्रिकेतील नोकरीत असलेले अभियंते शिकायला येऊ लागले. १९५७ साली हॉलंडमधील डेल्फ्ट येथे परदेशांतील अनुभवी अभियंत्यांसाठी असाच अभ्यासक्रम सुरू झाला. दोन्ही ठिकाणचा विद्यार्थी पोरसवदा नव्हता, पाच-दहा वर्षे चिखल तुडवून आलेला होता, ही महत्त्वाची गोष्ट. कारण पाण्याच्या व्यवस्थेतील प्रश्न ज्याने भोगलेले नाहीत त्याला त्यांची उत्तरे शिकवून उपयोग नसतो.

महाराष्ट्रात या दृष्टीने सर्वांत मोठे पाऊल पडले ते १९८० साली. औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथे पैठणच्या रस्त्यावर कांचनवाडीला 'जल व भूमि व्यवस्थापन संस्था' स्थापन झाली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला सगळे 'वाल्मी' म्हणतात, आणि वाल्मिकीची आठवण करून देणारे हे नाव शेतकऱ्यांच्या तोंडी छान रुळले आहे. अशा संस्था नंतर इतर राज्यांतही निघाल्या. रायपूर ज्या मध्यप्रदेशात २००० सालापर्यंत होते त्याची भोपाळला आहे. वाल्मीचे वैशिष्ट्य असे की तेथे स्थापत्य अभियंता, कृषितज्ज्ञ आणि समाजशास्त्राचा जाणकार एकाच छपराखाली शिकवतात, आणि शिकायला पाटबंधारे खात्याचे अधिकारी येतात, कृषी खात्याचे येतात, आणि शेतकरीही येतात. पहिल्या दिवशी ही मंडळी वेगवेगळ्या बाकांवर बसतात. संस्थेचे खरे काम दुसऱ्या दिवशी सुरू होते.

असल्या प्रशिक्षणात रुजलेली एक पद्धत मला विशेष मोलाची वाटते. वैद्य जसा रोग्याला आधी औषध न देता नाडी, जीभ, डोळे पाहतो, तसे सिंचनप्रकल्पाचे निदान करायचे. अभियंता, कृषिवंत, अर्थशास्त्री आणि समाजशास्त्री अशा चौघांनी मिळून कालव्याच्या कडेने पायी चालायचे. आणि शक्य तर शेपटाकडून मुखाकडे. नेहमीचा अधिकारी जीपमधून धरणाकडून खाली येतो, त्यामुळे त्याला आधी भरलेला कालवा दिसतो, आणि शेपटाशी पोचेपर्यंत संध्याकाळ होते. उलटे चालणाऱ्याला आधी कोरडी चारी दिसते, तेथील माणूस भेटतो, आणि मग पाणी कोठे नाहीसे झाले हे शोधत तो वर जातो. वाटेत गळके विमोचक, दगड घालून अडवलेली चारी, 'नमुना सात'चा पाणी अर्ज न भरताच भिजलेले शेत, ही सर्व लक्षणे सापडतात. चौघांच्या वह्यांत एकाच जागेची चार वर्णने येतात, आणि रात्री ती ताडून पाहताना जो वाद होतो त्या वादात खरे शिक्षण घडते.

मोजणी तर शिकावीच लागते. वाफ्याकडे जाणाऱ्या चारीतून सेकंदाला ३० लिटर पाणी वाहत असेल तर तासाला ते १०८ घनमीटर होते. एक हेक्टर गव्हाला एका पाळीत साडेसात सेंटिमीटर पाणी द्यायचे म्हणजे ७५० घनमीटर हवे. तेव्हा सात तास लागणार. हा हिशेब शेतकरी सहज समजून घेतो, आणि एकदा समजल्यावर 'माझी पाळी बारा तासांची' हा हट्ट सोडतोही. दुसरा एक हिशेब मात्र भल्याभल्यांना फसवतो. चारीत पाणी मोजण्यासाठी त्रिकोणी खाच पाडलेला पत्रा बसवतात. त्याला व्ही-नॉच म्हणतात. खाचेवरून पाण्याची उंची दुप्पट झाली म्हणजे पाणी दुप्पट झाले असे डोळ्यांना वाटते. प्रत्यक्षात ते साडेपाच पटींहून अधिक झालेले असते. 'वरच्याला माझ्या दुप्पट उंचीचे पाणी, मग एवढी बोंब कशाला?' असे म्हणणारा अधिकारी आणि बोंब मारणारा शेतकरी यांच्यात खरे कोण, हे ती खाच सांगते. सहसा शेतकरी खरा असतो.

मोजलेले पाणी मोजून वाटता येते, आणि वाटणीची जबाबदारी वापरणाऱ्यांवर सोपवता येते, याचा धडा महाराष्ट्राला नाशिक जिल्ह्यात मिळाला. दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेपटाशी ओझर गाव आहे. तेथे पाणी पोचतच नसे. समाज परिवर्तन केंद्राच्या बापूसाहेब उपाध्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतर शेतकऱ्यांच्या तीन पाणीवापर संस्था उभ्या केल्या: महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा. त्यांनी खात्याकडून घनमापाने पाणी घेतले आणि आपसांत वाटले. पुढचे पाऊल अधिक सूक्ष्म होते. कालव्याचे पाणी ओढ्यांवरच्या बंधाऱ्यांत सोडून त्यांनी ते भूगर्भात मुरवले, विहिरी जिवंत केल्या, आणि विहिरीचे पाणी हेही संस्थेचेच पाणी असे मानून त्याची पट्टी लावली. पृष्ठभागावरचे आणि भूगर्भातले पाणी एक आहे हे डब्लिनला सांगावे लागले. ओझरच्या द्राक्षबागाईतदाराने त्यासाठी पट्टी भरली. नंतर वाघाडच्या सर्व लाभक्षेत्रावर चोवीस संस्थांचे जाळे झाले आणि त्यांचा प्रकल्पस्तरीय संघ निघाला. पुढे २००५ साली महाराष्ट्राने सिंचनपद्धतीच्या शेतकऱ्यांकडून व्यवस्थापनाचा कायदा केला, त्यात संस्थेच्या संचालक मंडळावर मुख, मध्य आणि शेपूट या तिन्ही भागांना स्थान दिले, आणि स्त्रियांनाही. ओझरला जे चालले त्याची सावली या कायद्यावर आहे.

तरीही या सर्व प्रशिक्षणाविषयी एक कडू गोष्ट बोललीच पाहिजे. पंधरा दिवसांचा किंवा दोन महिन्यांचा वर्ग आटोपून अधिकारी परत जातो, आणि पुष्कळदा त्याची बदली रस्त्याच्या किंवा इमारतीच्या कामावर होते. पाण्याचे ज्ञान हे त्या त्या कालव्याचे, त्या त्या मातीचे ज्ञान असते. तीन वर्षांनी माणूस उचलला की ते त्याच्याबरोबर उचलले जाते आणि दुसरीकडे त्याचा उपयोग नसतो. दुसरे असे की खात्यात मान बांधणाऱ्याला मिळतो. धरणाच्या कोनशिलेवर नाव येते. उन्हाळी पाळी बिनभांडणाची पार पाडणाऱ्याचे नाव कोठे कोरलेले मी पाहिले नाही. मग हुशार तरुणाने चालवण्याची विद्या का शिकावी? आणि तिसरे म्हणजे भाषा. पुस्तके इंग्रजीत, परिपत्रके अर्धी इंग्रजीत आणि अर्धी संस्कृतात, आणि ज्याला पाणी द्यायचे तो बोलणार अहिराणी, वऱ्हाडी किंवा छत्तीसगढी. 'लघुवितरिका' हा शब्द मी अनेक परिपत्रकांत वाचला. शेतात मात्र सगळीकडे 'चारी'च भेटली.

या पार्श्वभूमीवर सिलतऱ्याचा विचार केला तर असे दिसते की तेथे अभ्यासक्रमाला लागणारी सर्व सामग्री पाच कोसांच्या आत आयती मांडलेली आहे. एखाद्या वर्गाने चैत्र-वैशाखात पेटेचुआहून निघून सोमनाथच्या संगमापर्यंत खारूनचा ताळेबंद मांडावा. गंगरेलहून किती आले, शहराने किती घेतले आणि कोणत्या अवस्थेत परत दिले, कारखान्यांनी नदीतून किती उचलले आणि कूपनलिकांतून किती, त्यांपैकी किती वाफ झाले. या भागात जमिनीखाली चुनखडी आहे. तिच्या भेगा-पोकळ्यांतून पाणी कसे धावते आणि एकाच्या कूपनलिकेने दुसऱ्याची तरिया कशी रिकामी होते, हे भूशास्त्रज्ञाने दाखवावे. वर्गात एक वकीलही असावा. १९९८ साली शेजारच्या दुर्ग जिल्ह्यात, बोरई येथे, शिवनाथ नदीचा सुमारे तेवीस किलोमीटरांचा पट्टा औद्योगिक पाणीपुरवठ्यासाठी बावीस वर्षांच्या कराराने एका खाजगी ठेकेदाराच्या हाती देण्यात आला. काठच्या गावांनी आणि कोळ्यांनी विरोध केला, आणि २००७ साली छत्तीसगढ विधानसभेच्या लोकलेखा समितीने तो करार रद्द करण्याची शिफारस केली. त्या करारावर सह्या करणाऱ्यांपैकी कोणी नदीकाठाने पायी चालले असते तर त्याचा मसुदा निराळा झाला असता, असे मला वाटते. कंडेलला करार गावाने नाकारला होता. बोरईला गावाला विचारलेच नाही.

ताळेबंद तयार झाला की तो तीन ठिकाणी वाचून दाखवायचा. कारखान्याच्या व्यवस्थापकांपुढे, नगरपालिकेच्या सभेत, आणि गावाच्या गुडीवर छत्तीसगढीत. तिसऱ्या ठिकाणी जो विद्यार्थी कागदाशिवाय बोलू शकेल त्याला उत्तीर्ण करावे. गावातील बायांना स्वतंत्र विचारावे. तरिया कोणत्या महिन्यात कोणत्या पायरीपर्यंत उतरते हे त्या जितके अचूक सांगतील तितके कोणतेही दप्तर सांगणार नाही.

शेवटची तासिका मात्र हिराकूडला घ्यावी. १९५७ साली पुरे झालेले ते धरण महानदीच्या पाण्यावर जगते, आणि वरच्या अंगाला छत्तीसगढात जे जे अडते त्याचा हिशेब ओडिशा मागते. या तंट्यासाठी २०१८ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने महानदी जलविवाद न्यायाधिकरण नेमले. तेथे दोन्ही बाजूंचे नामवंत वकील उभे राहतात, पण ते ज्या आकड्यांवर भांडतात ते आकडे नदीकाठच्या मापनकेंद्रांवरून आलेले असतात. सकाळी आठाच्या ठोक्याला कोणी एक माणूस पाण्यात रोवलेल्या पट्टीवर नजर लावतो आणि वहीत पातळी लिहितो. पुराच्या दिवसांत तो तासातासाला लिहितो. कोणत्याही जलव्यवस्थापनाच्या वर्गाने पहिला आठवडा त्या माणसाच्या हाताखाली काढावा, आणि वर्गाच्या शिक्षकांत त्याचे नाव छापावे, अशी माझी सूचना आहे.